खुर्ची सुटते, उत्तर देण्याची सवय सुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्याची सूत्रं सांभाळलेली एखादी स्त्री पंधरा-वीस वर्षांनी नोकरी सोडते आणि संकटानं खचलेल्या माणसांना पुन्हा उभं राहायला मदत करू लागते, अशा आशयाची व्यक्तिचित्रं वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून वाचायला मिळतात. ती छापली जातात हे चांगलंच आहे. पण त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. पहिल्या छायाचित्रात डोक्यावर हेल्मेट आणि मागे प्रेस मशिन. दुसऱ्यात शांत खोली आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मधल्या काळाबद्दल एकच वाक्य: मग तिला तिची वाट सापडली. त्या एका वाक्यात चार-पाच वर्षांची मेहनत गडप झालेली असते. कारखाना आणि कोचिंग ही दोन्ही क्षेत्रं जवळून माहीत असलेले आम्ही काही वाचक त्या गडप झालेल्या भागाबद्दल लिहीत आहोत. असे लेख वाचून राजीनामा लिहायला बसणाऱ्या स्त्रिया आहेत. आणि नंतर त्यांच्यासमोर जी माणसं येऊन बसतात ती आयुष्यातल्या सर्वांत नाजूक काळात असतात, म्हणून हा विषय नुसत्या कौतुकावर सोडून देता येत नाही.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'कोचिंग' म्हटलं की परीक्षेचे क्लास आठवतात. 'मार्गदर्शन' म्हणावं तर मार्ग दाखवणं आलं, आणि इथे नेमकं तेच टाळायचं असतं. 'समुपदेशन' हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचं शिक्षण वेगळं आणि जबाबदारीही वेगळी. समोरच्याला स्वतःचं पुढचं पाऊल स्वतः ठरवायला लावायचं आणि ते टाकून झाल्यावर काय दिसलं हे विचारायचं, एवढंच कोचचं काम. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, म्हणून आम्ही 'कोच'च वापरतो.

मधला काळ प्रत्यक्षात कसा जातो हे पाहायचं असेल तर लिलियन गिलब्रेथ यांचं उदाहरण घ्यावं. जन्म १८७८, अमेरिका. पती फ्रँक यांच्याबरोबर त्या कारखान्यांत हालचालींचा अभ्यास करत. म्हणजे एखादं काम करताना हात किती वेळा हलतो, त्यातल्या कोणत्या हालचाली फुकट जातात, कोणत्या काढून टाकता येतील, याची नोंद. १९१५ मध्ये त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. पदरी अकरा मुलं. दोघांना मिळून काम देणाऱ्या कंपन्या एकट्या बाईला तेच काम द्यायला कचरू लागल्या. मग त्यांनी घरातच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले. कारखान्यात शिरू न देणाऱ्यांची माणसं शिकायला त्यांच्या घरी येऊ लागली! पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं ते १९३५ मध्ये. मधली अकरा वर्षं वर्ग, सल्लागाराची कामं आणि भाषणं यांत गेली. अपंगत्व आलेल्या आणि हृदयविकार जडलेल्या स्त्रियांसाठी स्वयंपाकघराची मांडणी कशी असावी यावर त्यांनी पुढे केलेलं काम आमच्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. त्यामागचा विचार साधा होता. हिला काय जमत नाही याची यादी करत बसायचं नाही. कोणत्या हालचाली शिल्लक आहेत ते पाहायचं आणि ओट्याची उंची, वस्तूंच्या जागा, कामाचा क्रम त्याप्रमाणे बदलायचा. कारखान्यातली नजर संकटातल्या माणसाच्या उपयोगी पडते ती अशी.

पण तीच नजर घातही करते. कारखान्यात चांगली प्रमुख कोण? रात्री दोन वाजता लाईन बंद पडली की तीन मिनिटांत चार प्रश्न विचारून जी निर्णय देते ती. मेंटेनन्सला हे सांगा, डाय (साचा) उतरवा, दुसऱ्या मशिनवर लोड टाका, डिस्पॅचला कळवा. वीस वर्षं ही सवय बक्षीसपात्र ठरलेली असते. पुढे एक दिवस समोर नोकरी गेलेला, धंदा बुडालेला किंवा जोडीदार गमावलेला माणूस येऊन बसतो. तो दहा मिनिटं बोलतो आणि बाईंच्या डोक्यात उत्तर तयार होतं. इथेच घोडं पेंड खातं. बाई उत्तर सांगतात. उत्तर बहुधा बरोबरही असतं. समोरचा मान डोलावतो, घरी जातो आणि काहीच करत नाही. पुढच्या भेटीला ओशाळलेला येतो. तिसरी भेट कामाच्या सबबीवर पुढे ढकलतो. चौथी होतच नाही. त्याला आळशी म्हणून मोकळं होता येतं, पण कारण वेगळंच असतं. उत्तर बाईंचं होतं, त्यामुळे ते फसलं तर अपयश त्याचं आणि जमलं तर श्रेय बाईंचं. आधीच खचलेला माणूस असा व्यवहार कशाला करेल?

या सवयीवर इलाज आहे, आणि तो कारखान्यातल्याच पद्धतीचा: मोजमाप. समोरच्याची लेखी परवानगी घेऊन एक भेट रेकॉर्ड करायची आणि नंतर घड्याळ लावून ऐकायची. ६० मिनिटांपैकी आपण किती मिनिटं बोललो? १५च्या आत असेल तर ठीक. नव्यानं आलेल्या प्रमुख बाईंचा आकडा पहिल्यांदा ऐकताना ३५च्या पुढे निघाला तरी आम्हाला आश्चर्य वाटत नाही. मग आपले प्रश्न कागदावर उतरवायचे आणि प्रत्येकापुढे खूण करायची: खरा प्रश्न की प्रश्नाच्या वेषातला सल्ला? "तुम्ही भावाशी एकदा बोलून का बघत नाही?" हा सल्ला आहे, शेवटी फक्त प्रश्नचिन्ह लावलंय. "याबद्दल आजवर कोणाकोणाशी बोलणं झालंय?" हा प्रश्न. तिसरी मोजणी शांततेची. समोरचा थांबल्यावर आपण किती सेकंदांत तोंड उघडलं? सात-आठ सेकंद तरी गप्प राहायला शिकावं लागतं, आणि ते भलतंच अवघड जातं, कारण शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालतं तिथे, कोणी गप्प बसलं की काहीतरी लपवलं जातंय असा अर्थ घ्यायची सवय असते.

'पाच वेळा का' या तंत्राचंही तसंच. मशिनवर ते सोन्यासारखं चालतं. फ्यूज का उडाला? लोड वाढला. का? बेअरिंग कोरडं पडलं. का? ऑइल पंप नीट खेचत नव्हता. का? शाफ्ट झिजला. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. मशिनला लाज वाटत नाही, म्हणून ती खरं सांगते. माणसाला पाच वेळा 'का' विचारलं की तिसऱ्या 'का'ला तो कारणं देऊ लागतो आणि चौथ्याला स्वतःचा बचाव करू लागतो. उलटतपासणीच होते ती. त्यामुळे 'का' बाजूला ठेवून 'काय', 'कधी', 'कुठे', 'कोण होतं' यांनी काम चालवावं. "सकाळी का उठवत नाही?" याच्याऐवजी "गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी त्यातल्या त्यात लवकर उठलात? त्या दिवशी वेगळं काय होतं?"

कारखान्यातून सोबत न्यावं असं सर्वांत मोलाचं काय, तर छोट्या प्रयोगाची शिस्त. टोयोटातली कार्यपद्धती अभ्यासून संशोधक माइक रॉदर यांनी पाच प्रश्नांचा एक क्रम मांडला. गाठायची स्थिती कोणती? आत्ताची प्रत्यक्ष स्थिती काय? आड काय काय येतंय, आणि त्यातला कोणता अडथळा आत्ता हातात घेतोय? पुढचं पाऊल कोणतं, आणि त्यातून काय होईल असं वाटतं? त्या पावलातून काय शिकलो हे कधी बघता येईल? लाईनवर सुपरवायझरला हे प्रश्न विचारलेली बाई ते माणसालाही विचारू शकते, फक्त मापं बदलावी लागतात.

समजा, नोकरी जाऊन चार महिने झालेला पंचेचाळिशीचा माणूस आहे. "सगळंच बिघडलंय" हे त्याचं पहिलं वाक्य. कारखान्यात "माल खराब येतोय" एवढं ऐकून कोणी काही करत नाही. कोणता पार्ट, कोणती पाळी, किती नग, हे विचारलं जातं. इथेही तेच, पण हळुवारपणे. दिवसातला कोणता वेळ सर्वांत वाईट जातो? सकाळी ९ ते १२. त्या वेळात तुम्ही कुठे असता? पलंगावर, फोन बघत. घरात आणखी कोण असतं? कोणी नाही. आता 'सगळं' आकसून तीन तासांचं झालं. गाठायची स्थिती दोन आठवड्यांची ठेवायची, वर्षभराची नाही: आठवड्यातले पाच दिवस सकाळी साडेनऊला घराबाहेर. 'नवी नोकरी' हे ध्येय या टप्प्यावर घेऊ नये, कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही, आणि आणखी चार नकार आले की प्रयोगच मोडतो. अडथळे तो सांगेल ते सगळे लिहून घ्यायचे: झोप उशिरा लागते, बाहेर पडलं की ओळखीचे विचारतात, जायचं तरी कुठे. त्यातला एकच निवडायचा. कोणता, ते त्यानं ठरवायचं. आपल्याला तो चुकीचा वाटला तरी.

पाऊल ठरलं की विचारायचं, "हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती?" उत्तर ७च्या खाली आलं तर त्याला धीर देत बसू नये, पाऊल लहान करावं. रोज अर्धा तास चालण्याचं पाच मिनिटं करा, पाच दिवसांचे दोन करा. कारखान्यातून आलेल्या बाईला हे पचत नाही. टार्गेट खाली आणणं म्हणजे तिच्या लेखी हार. पण आपल्याला जमतंय हा विश्वास कुठून येतो याचे चार स्रोत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला दिलासा आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. त्यांत पहिला सर्वांत बलवान. दोन दिवस खरोखर पाच मिनिटं चालून झालेला माणूस कोणत्याही भाषणापेक्षा जास्त मिळवतो. पाऊल 'जर-तर'मध्ये बांधलं की आणखी टिकतं: सकाळचा चहा संपला की कप ठेवायच्या आधी बूट घालायचे. वेळ आणि जागा ठरलेली असली की ऐन वेळी इच्छाशक्ती गोळा करावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं यावरचं संशोधन प्रसिद्ध आहे.

आणि फसलं तर? इथे रिजेक्शन रजिस्टर, म्हणजे नापास मालाची नोंदवही, बंद ठेवायचं. "काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं?" एवढंच विचारायचं. चहा संपेपर्यंत फोन हातात आला आणि अकरा वाजले, असं तो म्हणाला तर ती माहिती आहे. पुढच्या खेपेला फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या तपासणीसाठी आठवडाभर थांबू नये, दोन दिवसांत दोन ओळींचा निरोप पुरतो. एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या की कशानं फरक पडला ते कळत नाही. प्रोसेस सेट करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असतं, पण माणूस समोर असला की घाईत नेमकं तेच विसरलं जातं.

आता कोचनं कुठे थांबायचं ते. व्यक्तिचित्रांत याचा मागमूस नसतो आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. मशिनमध्ये हात घालायच्या आधी वीज तोडून कुलूप लावायची पद्धत असते. इथेही असं कुलूप लागतं. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, अपघातानंतर किंवा हिंसेनंतर एक महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, झोप उडाली असेल, दारू किंवा गोळ्या वाढल्या असतील, तर ते काम डॉक्टरचं किंवा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचं. मरणाचा विषय निघाला किंवा नुसती शंका आली तरी सरळ विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं कल्पना सुचते हा गैरसमज आहे, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उत्तर 'हो' असेल तर काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हे विचारायचं. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी योग्य हातात सोपवायचं. यासाठी पहिला ग्राहक यायच्या आधीच एका कागदावर किमान तीन तज्ज्ञांची नावं, फोन, भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते आणि रात्री कोण उपलब्ध असतं, हे लिहून ठेवावं. आग लागल्यावर एक्स्टिंग्विशर कुठे आहे ते शोधत नाहीत.

घटना अगदी ताजी असेल, म्हणजे कालपरवाची, तर कोचिंग करूच नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिच्यात तीनच क्रिया आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. धोका आणि तातडीची गरज काय ते पाहा, जबरदस्ती न करता ऐका, मदतीशी आणि आपल्या माणसांशी जोडून द्या. "सगळं बोलून टाक, मोकळी हो" असा आग्रह धरून एकाच बैठकीत प्रसंग पुन्हा उगाळायला लावण्याची पद्धत एके काळी बरीच वापरली जायची. तिची तपासणी झाली तेव्हा पुढचा त्रास टळल्याचं दिसलं नाही आणि काही अभ्यासांत तो वाढलेला आढळला. ताबडतोब मूळ कारण शोधायची सवय असलेल्या प्रमुखांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

'संकटच माणसाला घडवतं' हे वाक्य तर कोचच्या तोंडी येताच कामा नये. आघातानंतर काहींमध्ये काही बाबतींत वाढ दिसते हे खरं. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पण वाढ आणि वेदना एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, आणि वाढ मागून मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. अत्यंत कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी जवळपास एकतृतीयांश समर्थपणे मोठी झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आईवडील, आजी, शिक्षक अशी जिव्हाळ्यानं पाठीशी असलेली किमान एक तरी व्यक्ती. म्हणून पहिल्याच भेटीत "तुमच्याकडे असं कोण आहे?" हा प्रश्न यायला हवा. उत्तर 'कोणी नाही' असेल तर पहिला प्रयोग तिथूनच सुरू करावा. ती व्यक्ती आपणच होऊन बसायचा मोह मात्र घातक. भेटी संपल्या की त्या माणसाखालचा आधार निघून जातो.

स्त्री म्हणून या वाटेवर वेगळं काय? थोडं आहे. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की गटात ज्यांची संख्या पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यांच्यावर सतत नजर असते, फरक फुगवून पाहिले जातात आणि ठरावीक भूमिका माथी मारल्या जातात. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कंपन्यांविषयी लिहिलं की संचालक म्हणून स्त्रीची नेमणूक झाली तिथे आधीच्या महिन्यांत कामगिरी ढासळलेली असण्याची शक्यता जास्त होती. त्यांनी त्याला 'काचेचा कडा' म्हटलं. थोडक्यात, बुडतं जहाज हाती मिळण्याचा आणि चूक झाली तर सगळ्यांना दिसण्याचा अनुभव अशा बाईंच्या गाठीशी बहुधा असतोच. तो उपयोगी आहे, पण सांगण्यासाठी नाही. "माझंही अगदी असंच झालं होतं" या वाक्यानं समोरच्याची गोष्ट संपते आणि बाईंची सुरू होते. अगदीच सांगायचं झालं तर आधी विचारून, एका मिनिटाच्या आत, आणि लगेच "तुमच्या बाबतीत यातलं काय वेगळं आहे?" असं म्हणून चेंडू परत द्यावा.

दुसरं म्हणजे फुकटचं काम. पुरुष प्रमुख सल्लागार झाला की त्याला दर विचारतात. बाई झाली की "तुमचा स्वभावच मदतीचा" म्हणतात. पहिल्या भेटीआधी लेखी करार हवा: भेटी किती, प्रत्येकी किती मिनिटं, मानधन, भेट रद्द करायची तर किती तास आधी, दोन भेटींच्या मध्ये फोन चालेल की नाही, आणि गोपनीयता कोणत्या प्रसंगी मोडावी लागेल. पैसे कंपनी देत असेल तर करार तिघांत होतो आणि कंपनीला काय कळणार ते त्यात स्पष्ट असावं. आमच्या मते भेटी किती झाल्या यापलीकडे काही नाही. आपल्या हाताखाली काम केलेल्यांना ग्राहक म्हणून घेऊच नये. ते नाही म्हणू शकत नाहीत आणि खरंही बोलू शकत नाहीत, पण सुरुवातीला तेच सर्वांत सहज मिळतात, म्हणून ही चूक वारंवार होते.

एक बारीकसा मुद्दा, जो कुठल्याच लेखात येत नाही: कान. आठ तासांच्या पाळीला सरासरी ८५ डेसिबल ही सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी मर्यादा. तिच्यावरच्या आवाजात वर्षानुवर्षं वावरलेल्यांची श्रवणशक्ती बहुधा आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास घटते. स, श, फ यांसारखे हलके वर्ण तिथे हरवतात. रडवेला माणूस खालच्या आवाजात बोलतो, शेवटचे शब्द गिळतो, आणि नेमके तेच ऐकायचे असतात. व्यवसाय सुरू करण्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणशक्तीची तपासणी, करून घ्यावी. आपल्या आवाजाकडेही लक्ष द्यावं: मशिनच्या खडखडाटावरून बोलायची सवय झालेला गळा लहान खोलीत दरडावल्यासारखा ऐकू येतो.

शिक्षणाचं गणित असं. १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही या क्षेत्रातली एक मोठी संस्था. तिच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि १० तास अनुभवी कोचच्या देखरेखीखाली सराव लागतो. पुढच्या पातळीला १२५ आणि ५०० तास, सर्वांत वरच्या पातळीला २०० आणि २,५०० तास. प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य नव्हे हे मान्य, आणि संकटातल्या माणसाबरोबर काम करायला ही पहिली पातळी आम्हाला अपुरीच वाटते. पण आठवड्यात चार-पाच तासच ग्राहक मिळत असतील तर १०० तासांनाच पाच-सहा महिने लागतात, एवढं तरी यावरून कळावं. तेव्हा प्रशिक्षण नोकरीत असतानाच सुरू करावं. निदान दहा जणांबरोबर प्रत्येकी तीन-तीन सरावभेटी कराव्यात, त्याही साध्या प्रश्नांवर, शोक आणि आघातावर नव्हे. महिन्यातून एकदा जाणत्या व्यक्तीसमोर स्वतःच्या कामाची उलटतपासणी करून घ्यावी. घरखर्चाची दीड वर्षाची तरी तजवीज झाल्यावरच राजीनामा. दिवसाला चारांहून जास्त भेटी ठेवू नयेत. पाचव्या माणसाचं ऐकताना तिसऱ्याचं बोलणं कानात घुमत राहतं. दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा, त्यातली पंधरा मिनिटं नोंदींसाठी. पाळी बदलताना लॉगबुकात लिहायची सवय इथे फार कामी येते: काय ठरलं, कोणत्या शब्दांत, पुढे काय बघायचं. आपली मतं नोंदीत घालू नयेत.

आकड्यांची आवड असलेल्या बाई इथेही आकडे शोधणारच. शोधाव्यात, पण योग्य ते. भेटींची एकूण संख्या सांगून काही कळत नाही. दुसऱ्या भेटीनंतर न आलेले किती, हे खरं रिजेक्शन. तीन महिन्यांनी फोन करून "त्या वेळी ठरलेलं काय टिकलं?" हे विचारल्यावर मिळतं ते खरं उत्पादन. आभारपत्रं मात्र गोळा करू नयेत. बुडताना हात मिळालेला माणूस हात देणाऱ्याबद्दल चांगलंच बोलणार, आणि त्याचं नाव जाहिरातीत आलं की तो कायमचा 'सावरलेला' म्हणून ओळखला जातो. पुन्हा पडला तर कोणाला सांगायचं, अशी त्याची पंचाईत होते.

संपादक महोदय, यापुढे असं व्यक्तिचित्र छापताना बातमीदारानं चार प्रश्न जरूर विचारावेत आणि उत्तरं चौकटीत द्यावीत: प्रशिक्षण किती तासांचं झालं? स्वतःचं काम ती कोणाला दाखवते? कोणत्या माणसांना ती स्वतः न घेता दुसरीकडे पाठवते, आणि कोणाकडे? किती जण मध्येच सोडून गेले? चौथ्या प्रश्नाला "कोणीच नाही" असं उत्तर आलं तर तो लेख थोडा थांबवून पुन्हा भेट घ्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
औद्योगिक प्रशिक्षण व कोचिंग क्षेत्रातील काही वाचक